धूर चिमणीतून न जाता हॉलमध्ये का येतो?

घर आणि बांधकाम : वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

दिवाळी सरली की बेळगावजवळच्या खानापूर, जांबोटी, कणकुंबीकडून धुराच्या तक्रारी यायला लागतात. या वेळची पत्रं फायरप्लेसची आहेत, लोखंडी शेगडीची आहेत आणि न्हाणीतल्या बंबाचीही आहेत. सगळ्यांचं मूळ एकच असल्यामुळे ती एकत्र घेतली आहेत. जळणाला हवा कुठून मिळणार, हे घर बांधताना कुणी विचारलेलं नसतं.

प्रश्न : जांबोटीजवळ शेतात आम्ही नवीन घर बांधलं. हॉल १४ बाय १८ फूट, उंची १० फूट. पूर्वेच्या भिंतीत फायरप्लेस आहे. तोंड ३० इंच रुंद, २६ इंच उंच. चिमणीचा पाइप १० इंच व्यासाचा आणि चुलीपासून वर १८ फूट. खिडक्या रबर पट्टीच्या, यूपीव्हीसीच्या सरकत्या. जाळ पेटवला की दहा-पंधरा मिनिटांत डोळे चुरचुरतात. खिडकी बोटभर सरकवली की धूर थांबतो, पण थंडी आत येते. स्वयंपाकघरातली चिमणी चालू केली तर धूर लोटच्या लोट हॉलमध्ये येतो. गवंडी म्हणतो धुराडं आणखी पाच फूट वाढवा. वाढवावं का?

उत्तर : आत्ताच वाढवू नका. तुमच्या पत्रातच उत्तर आहे. खिडकी बोटभर उघडल्यावर धूर थांबतो, म्हणजे चिमणीला ओढ आहे. तिला ओढायला हवा मिळत नाही. तेलाच्या पत्र्याच्या डब्याला एकच भोक पाडलं तर तेल गुडगुडत, अडखळत येतं. दुसरं भोक पाडलं की सरळ धार लागते. तुमच्या हॉलला दुसरं भोक नाही.

हिशेब बघा. एक किलो सुक्या लाकडाला पूर्ण जळायला साधारण साडेचार ते पाच घनमीटर हवा लागते. तासाला तीन किलो लाकूड जाळलं तर १४-१५ घनमीटर. एवढी हवा दाराच्या फटीतूनही येईल. पण उघड्या फायरप्लेसचं तोंड मोठं असतं, आणि जाळाला लागते त्याच्या कितीतरी पट हवा नुसतीच जाळाच्या बाजूने वर निघून जाते. १० इंची पाइपमधून धूर सेकंदाला दीड-दोन मीटर वेगाने चढत असेल तर तासाला २७० ते ३६० घनमीटर हवा घराबाहेर जाते. तुमच्या हॉलमध्ये एकूण हवाच ७० घनमीटरच्या आसपास आहे. म्हणजे तासाभरात हॉलची सगळी हवा चार-पाच वेळा बदलावी लागते. जुन्या कौलारू घरात हे आपोआप व्हायचं, कारण कौलांच्या आणि वाशांच्या फटींतून वारा खेळता असायचा. वर स्लॅब आणि खिडक्यांना रबर आल्यावर ती वाट बंद झाली.

आता स्वयंपाकघराच्या चिमणीचं. बेळगाव-जांबोटीचा भाग समुद्रसपाटीपासून साधारण ७५० मीटर उंचीवर आहे. बाहेर १५ अंश आणि पाइपमध्ये १०० अंश धरले तर १८ फुटी पाइपची ओढ १३-१४ पास्कल (पास्कल हे दाब मोजायचं एकक) भरते. जाळ नुकता पेटलेला असताना, पाइप ३० अंशांवर असेल तर फक्त ३ पास्कल. स्वयंपाकघरातल्या विजेच्या चिमण्यांवर तासाला १००० ते १२०० घनमीटर असा आकडा छापलेला असतो. पाइपच्या वळणांत त्यातला बराच भाग गळतो, तरी घट्ट बंद घरात ती पाच-दहा पास्कलची ओढ सहज लावते. ती मोटर हॉलमधल्या चिमणीला उलटी फिरवते, आणि धुराडं बाहेरची हवा आत ओढण्याची नळी होऊन बसतं. जाळ असताना ही मोटर आणि बाथरूमचे एक्झॉस्ट पंखे बंद ठेवा. स्वयंपाक थांबत नसेल तर स्वयंपाकघराची खिडकी आठ इंच उघडा आणि हॉलकडचं दार लावून घ्या.

कायमचा उपाय म्हणजे भिंतीतून हवेची वाट. ती केवढी असावी याचा चांगला ठोकताळा ब्रिटनच्या बांधकाम नियमांत आहे. उघड्या फायरप्लेसला चिमणीच्या छेदाच्या, म्हणजे पाइपच्या आतल्या पोकळीच्या क्षेत्रफळाच्या, निम्मं क्षेत्र कायम मोकळं हवं. तुमच्या १० इंची पाइपचा छेद ७८ चौरस इंच, म्हणून हवेला ३९ चौरस इंच. तुमची सरकती खिडकी चार फूट उंच असेल तर ती एक इंच उघडल्यावर ४८ चौरस इंच वाट होते. तुम्ही अंदाजाने बोटभर सरकवता ते हिशेबाला धरूनच आहे. दाराखालच्या फटीचा भरवसा धरू नका. तीन फुटी दाराखाली पाव इंच फट म्हणजे अवघे ९ चौरस इंच.

आता काम कसं करायचं ते. जाळी आणि झाकण मिळून पाव भाग अडवतात, म्हणून ६ इंची दोन पाइप घ्या. दोन्ही मिळून ५६ चौरस इंच होतात, आणि जाळी धरूनही ४२ उरतात. फायरप्लेसच्या दोन्ही बाजूंना, फरशीपासून पाच-सहा इंच वर, भिंतीतून आरपार भोकं पाडायची. छिन्नी-हातोडी लावली तर चिरा फुटतो आणि आतली जोडणी हलते. यंत्राने गोल भोक कापणाऱ्या कोअर कटिंगवाल्याकडून साडेसहा इंची भोक पाडून घ्या. त्याआधी प्लिंथ बीम (जोत्याची तुळई) आणि कॉलम कुठे आहेत ते नकाशावर बघा, त्यांना हात लावू नका. चुलीपासून तीन फुटांच्या आत पीव्हीसी वापरू नका, जीआय (जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडाचा) पाइपच घाला. पाइपला बाहेरच्या बाजूला अर्धा इंच उतार द्या, म्हणजे दव आणि पागोळीचं पाणी आत येणार नाही. पाइप आणि भिंतीमधली फट सिमेंटने नीट भरा, नाहीतर पहिल्याच पावसात तिथे ओल धरेल. बाहेर खाली तोंड केलेला एल्बो लावा. त्याचं तोंड जमिनीपासून किमान एक फूट वर हवं, म्हणजे पाऊस उडून आत येत नाही.

जाळी ६ मिलिमीटर भोकांची लावा. डासांची बारीक जाळी नको. ती हवेची वाट बरीच कमी करते आणि दोन महिन्यांत धुळीने, कोळिष्टकांनी बुजते. पाल, उंदीर, साप रोखायला ६ मिलिमीटर पुरते. दरवर्षी पहिला जाळ करण्याआधी ती ब्रशने साफ करायची.

पूर्वेची भिंत निवडली हे फार बरं झालं. आपल्याकडे पावसाळ्यात वारा पश्चिमेकडून झोडपतो, पण फायरप्लेस वापरायच्या दिवसांत, डिसेंबर-जानेवारीत, तो बहुतेक पूर्वेकडून असतो. पूर्वेच्या तोंडावर वाऱ्याचा दाब असतो, तो हवा आत ढकलतो, आणि पावसाचा मारा या भिंतीला कमी. हेच पाइप पश्चिमेला काढले असते तर थंडीच्या वाऱ्याने त्या बाजूला उलट ओढ लागली असती आणि घरातलीच हवा बाहेर गेली असती.

पाइप फायरप्लेसच्या बाजूलाच का, हेही सांगतो. हवा खोलीच्या दुसऱ्या टोकाला घेतली तर ती थंड हवा बसलेल्या माणसांच्या पायांवरून जाळाकडे जाते. जवळ घेतली तर ती दोन फुटांतच जाळाकडे वळते.

पावसाळ्यात झाकणं लावायला हरकत नाही. धोका हा की थंडीत ती उघडायची राहून जातात. झाकणाची साखळी एवढी लांब ठेवा की झाकण बंद असताना ती फायरप्लेसच्या तोंडावर आडवी येईल. साखळी काढल्याशिवाय लाकूड रचताच येणार नाही.

एवढं करून फायरप्लेसच्या तोंडाच्या वरच्या कडेखालून धुराची बारीक रेघ येत राहिली, तर तोंड किंचित मोठं आहे असं समजा. चिमणीचा छेद तोंडाच्या दहाव्या हिश्शापेक्षा कमी असू नये, सातव्याच्या जवळ असेल तर उत्तम. तुमचं तोंड ७८० चौरस इंच, छेद ७८, म्हणजे अगदी काठावर. तोंडाच्या वरच्या बाजूला चार इंच रुंद लोखंडी पट्टी बसवा. तोंड ६६० चौरस इंच होईल. आधी पट्टी मातीने तात्पुरती चिकटवून दोन-तीन संध्याकाळ बघा, मग पक्की करा. धुराडं वाढवायचा विचार यानंतर.

पेटवतानाही एक करा. डॅम्पर, म्हणजे धुराड्याची झडप, पूर्ण उघडा, हवेची झाकणं उघडी आहेत का बघा, मग वर्तमानपत्राचा पिळलेला कागद पेटवून डॅम्परच्या तोंडाशी मिनिटभर धरा. आधी पाइप गरम होऊ द्या, मग लाकूड पेटवा. थंड पाइपात साचलेली जड हवा खाली बसलेली असते. पहिला धूर घरात येतो तो तिच्यामुळे.

प्रश्न : बेळगावात कॅम्पातल्या जुन्या घरात फायरप्लेस दुरुस्त करतोय. कंत्राटदार म्हणतो, बाहेरची हवा पाइपने थेट चुलीच्या मागच्या भिंतीतून जाळात सोडू, खोली गार होणार नाही. करावं का?

उत्तर : उघड्या फायरप्लेसला असं करू नका. वारा फिरला आणि पाइपच्या बाहेरच्या तोंडावर ओढ लागली तर निखारे आणि गरम वायू त्याच पाइपातून बाहेर येतात. पाइपजवळ लाकडी चौकट, पालापाचोळा किंवा रचलेलं जळण असेल तर आग लागते. उलट वारा समोरून जोरात आला तर राख हॉलभर उडते. शिवाय मागून आलेली हवा तुमच्या धुराला मदत करत नाही, कारण खोलीतली हवा तोंडातून खेचली जायची ती जातेच. खोलीत, चुलीच्या बाजूला हवा सोडा. मोजमाप वरच्या उत्तराप्रमाणेच.

जुन्या घराचं म्हणून एक सांगतो. बरीच वर्षं बंद असलेल्या धुराड्यात पाखरांची घरटी, मधमाश्यांची पोळी आणि ढासळलेला चुना अडकलेला असतो. हवेचा विचार करण्याआधी वरून दोरीला वजन बांधून सोडा आणि ते चुलीत उतरतं का बघा. अडकलं तर जाळ करू नका. उतरलं तरी आतला गिलावा गळाला असेल तर विटांच्या सांध्यांतून धूर शेजारच्या खोलीत जातो. खाली थोडा ओला पालापाचोळा धुमसवा, वरचं तोंड गोणपाटाने क्षणभर झाका आणि शेजारच्या खोल्यांत, माळ्यावर धूर येतो का ते दुसऱ्या माणसाला बघायला सांगा. त्या वेळी घरातली सगळी दारं-खिडक्या उघडी ठेवा.

प्रश्न : कणकुंबीत काचेच्या दाराची लोखंडी शेगडी बसवतोय, सात किलोवॅटची. तिला मागे हवेसाठी चार इंची तोंड आहे. पाइप जमिनीखालून काढू की भिंतीतून वर नेऊ?

उत्तर : दार बंद करून जाळायच्या शेगडीची गोष्ट वेगळी. ती लाकडाला लागते त्याच्या दुप्पट-अडीचपट हवेवर भागवते. म्हणून तिला थेट पाइप द्यायला हरकत नाही, द्यावाच. ब्रिटनच्या नियमांत घट्ट बांधलेल्या घरांसाठी दर किलोवॅटला ५५० चौरस मिलिमीटर धरतात. सात किलोवॅटला ३८५० होतात, म्हणजे जेमतेम सहा चौरस इंच. चार इंची पाइपचा छेद साडेबारा चौरस इंच असतो. लांबी, दोन वळणं आणि जाळी धरूनही तो पुरतो.

पाइप वर मात्र नेऊ नका. हवेचा पाइप शेगडीच्या जाळापेक्षा वर चढवला तर तो स्वतःच दुसरी चिमणी होतो. रात्री मुख्य चिमणी थंडावली आणि वारा उलटला की गरम वायू त्यातून बाहेर पडायला लागतात. जमिनीखालून न्या, पण कणकुंबीचा पाऊस लक्षात ठेवा. बाहेरचं टोक जोत्याच्या वर काढा, जमिनीखालचा सगळा पाइप बाहेरच्या दिशेने उतरता ठेवा आणि सर्वांत खालच्या जागी पाणी निचरायला बोटभर भोक ठेवा. मधे पोटासारखा खोलगट भाग राहिला तर पहिल्या आषाढात तिथे पाणी साचेल आणि थंडीत शेगडी पेटायला नकार देईल. शेगडीजवळचा शेवटचा तीन फूट भाग जीआयचा.

प्रश्न : निपाणीजवळ आमच्या न्हाणीत तांब्याचा बंब आहे. गार वारा येतो म्हणून खिडकीला काच आणि दाराला रबर लावलं. तेव्हापासून आंघोळ करताना आईचं डोकं दुखतं, मळमळतं. धूर तर दिसत नाही.

उत्तर : हे पत्र वाचून आज संध्याकाळी बंब पेटवायचा असेल तर तो न्हाणीत पेटवू नका. अंगणात पेटवा आणि पाणी बादलीने आत न्या. ही लक्षणं कार्बन मोनॉक्साइडची असू शकतात. त्याला रंग नाही, वास नाही. जाळ भडकलेला असताना तो कमी आणि निखारे धुमसत असताना जास्त निघतो, म्हणजे धूर संपल्यावरच धोका वाढतो. आईंना डॉक्टरांकडे न्या आणि बंद न्हाणीत बंब होता हे आवर्जून सांगा. नाहीतर डोकेदुखीच्या गोळीवर भागवलं जाईल.

न्हाणी पाच बाय सहा फूट आणि आठ फूट उंच धरली तर आत सात घनमीटरच्या आत हवा असते. दीड किलो लाकूड तेवढी सगळी हवा खाऊन टाकतं. रबर लावल्यावर नवी हवा आत यायची बंद झाली. बंबाच्या डोक्यावरच्या तीन-चार इंची नळीची ओढही गेली, आणि नळीतून जायचं ते न्हाणीतच राहिलं.

कायमची व्यवस्था करायची तर बंब भिंतीबाहेर, पडवीत किंवा पत्र्याखाली ठेवा आणि पाणी नळाने आत आणा. जागाच नसेल तर दाराखालची पट्टी दीड इंच कापा. २८ इंची दाराला ४२ चौरस इंच वाट मिळते. वर, छताखाली, समोरच्या भिंतीत ९ बाय ९ इंचाची सिमेंटची जाळी बसवा, आणि तिला काच किंवा प्लास्टिक लावू नका. बंबाची नळी खिडकीतून आडवी काढलेली असेल तर ती छपरापेक्षा वर उभी न्या. आडवी नळी वाऱ्याने उलटते. आणि एवढं करूनही, निखारे आत असताना दार लावून आंघोळ करायची नाही. पाणी तापलं की बंबातले निखारे पत्र्याच्या घमेल्यात काढून उघड्यावर ओता, पाणी शिंपडा, मगच आंघोळीला बसा. बाथरूममधल्या गॅस गीझरलाही हीच भीती आहे.

कुणी आत बेशुद्ध सापडलं तर आधी दार उघडा, श्वास रोखून त्यांना उघड्यावर आणा आणि १०८ ला फोन करा. कारण विचारत बसू नका.

फायरप्लेस, शेगडी किंवा बंब असलेल्या घरात कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म असावा, असं आमचं ठाम मत आहे. जाळापासून एक ते तीन मीटर अंतरावर, छताला, भिंतीपासून एक फूट दूर लावा. ईएन ५०२९१ या युरोपीय मानकाचा असेल तर हवेतलं या वायूचं प्रमाण ५० पीपीएमवर (दहा लाख भागांत ५० भाग) राहिलं की तो तास-दीड तासात वाजतो, १०० वर १० ते ४० मिनिटांत आणि ३०० वर तीन मिनिटांच्या आत. वाजला की बॅटरी काढायची नाही, माणसं बाहेर काढायची.

प्रश्न : खानापुरात काजूच्या कारखान्यातून टरफलं मिळतात. फायरप्लेसमध्ये चालतील का? आणि ऑस्ट्रेलियन बाभळीचं ओलं लाकूड घेतलं तर किती दिवस वाळवावं?

उत्तर : टरफलं नको. त्यांतलं तेल त्वचेला भाजतं, त्याच्या धुराने डोळे आणि घसा जळतो, आणि ते चिमणीच्या आत डांबरासारखं चिकटतं. तो थर पुढे पेट घेतो. चिमणी कितीही चांगली ओढत असली तरी घरात हे जळण आणू नका.

ओलं लाकूड हे हवेच्या तक्रारींचं लपलेलं कारण आहे. जाळाची उष्णता पाणी उकळण्यात जाते, धूर थंड राहतो, पाइप गरम होत नाही आणि ओढ मरते. मग हवेची वाट बरोबर असूनही धूर येतो. ओंडके तीन-चार इंचांपर्यंत फोडा. न फोडलेलं लाकूड सालीमुळे आतून वाळत नाही. नोव्हेंबरला फोडून ठेवलेलं मेअखेर वापरण्याजोगं होतं, पण ते वापराल पुढच्या थंडीत. जमिनीवर दोन दगड आणि आडव्या फळ्या टाकून त्यावर रचा, वर पत्रा, बाजू मोकळ्या. ताडपत्रीत गुंडाळलं तर आत बुरशी धरते. टोकांना चिरा पडल्या असतील आणि दोन तुकडे एकमेकांवर आपटल्यावर खणखणीत वाजले तर लाकूड वाळलं; बद्द वाजलं तर ठेवून द्या. ओलावा मोजायचं छोटं यंत्र हार्डवेअरच्या दुकानात मिळतं. नव्याने फोडलेल्या आतल्या बाजूवर लावून २० टक्क्यांखाली आकडा आला की जाळायला घ्या. जूनच्या पहिल्या पावसाआधी रचणीच्या पश्चिमेच्या बाजूला एक पत्रा उभा बांधा, नाहीतर सहा महिन्यांचं वाळलेलं लाकूड आठवड्यात पुन्हा ओलं होतं.